ट्रायल्स सायकलिंगची धुळाक्षरं

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात मंडळाच्या पटांगणावर ‘स्लो सायकलिंग’ची स्पर्धा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ट्रायल्सचा मूळ नियम वेगळा सांगावा लागत नाही. फक्कीनं आखलेले पट्टे, प्रत्येक पट्ट्यात एक सायकल, आणि सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. जमिनीला पाय लागला की बाद. गल्लीत सुसाट सायकल हाणणारी मुलं यात पहिल्या दहा-पंधरा फुटांतच गारद होतात आणि कुणाच्या खिजगणतीतही नसलेली एखादी मुलगी हँडल किंचित डावं-उजवं करत, ब्रेक दाबत-सोडत बक्षीस घेऊन जाते.

सायकल ट्रायल्समध्ये याच पट्ट्यात मोठाले दगड, ओंडके आणि सिमेंटचे ठोकळे आणून टाकलेले असतात. आखून दिलेल्या अडथळ्यांच्या तुकड्याला ‘सेक्शन’ म्हणतात. यूसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या स्पर्धांत एक सेक्शन पार करायला दोन मिनिटं मिळतात. पारंपरिक पद्धतीत पाय टेकला की एक दंडगुण, आणि पाच झाले की तो सेक्शन हातचा गेला. अलीकडे यूसीआयनं हिशेब उलटा केला आहे. सेक्शनमध्ये सहा ‘दारं’ असतात आणि त्यातून नीट गेल्यास प्रत्येकी १० गुण मिळतात. पद्धत कोणतीही असो, वेगाला इथे बक्षीस नाही. थांबायला मुभा आहे, एकाच जागी उभं राहून पुढच्या दगडाकडे पाहत विचार करायलाही मुभा आहे. फक्त पाय पायडलवर हवेत.

खेळाची वंशावळ मोटरसायकलींची. ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ ही डोंगरदऱ्यांतून, ओढ्यांच्या गोट्यांवरून मोटरसायकली नेण्याची स्पर्धा १९०९ पासूनची आहे, आणि या कथेत आपली बुलेटही आहे. मागच्या चाकाला सस्पेन्शन असलेली रॉयल एन्फील्ड बुलेट लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती १९४८ मध्ये इंग्लंडच्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. पुढे १९५२ साली जॉनी ब्रिटननं एन्फील्डवरूनच स्कॉटलंडची ती सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. २०१९ मध्ये कंपनीनं भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाचं मॉडेल काढलं, ते याच आठवणींवर.

इंजिन काढून टाकण्याचं श्रेय स्पेनमधल्या कॅटलोनियाला जातं. पेरे पी हे मोंटेसा या मोटरसायकल कंपनीतले गृहस्थ. त्यांच्या लहानग्या मुलाला, ओटला, वडिलांसारखंच दगडांवरून जायचं होतं. त्यासाठी १९८०च्या सुमारास मुलांच्या सायकली घडवल्या गेल्या आणि त्यातून पुढे ‘मोन्टी’ हा सायकलींचा ब्रँड उभा राहिला. ओट पी पुढे जगज्जेता झाला. यूसीआयची जागतिक स्पर्धा १९८६ पासून भरते. उलटा प्रवाहही जोरात आहे. मोटरसायकल ट्रायल्समधले सात वेळचे विश्वविजेते जॉर्डी तारेस आणि २००७ पासून जागतिक किताबांवर ठाण मांडून बसलेला टोनी बोऊ, दोघंही कॅटलन आणि दोघंही आधी सायकलवर शिकलेले. ज्याला मोटरसायकलवर तोल शिकायचा आहे त्यानंही सायकलपासून सुरुवात करावी, ही सल्ल्याची बात नसून त्या खेळातली रीतच आहे.

जगाला हा प्रकार घराघरात दिसला तो एप्रिल २००९ मध्ये. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा, एडिंबरात सायकल दुकानात मेकॅनिकचं काम करणारा डॅनी मॅकॅस्किल याची साडेपाच मिनिटांची फिल्म इंटरनेटवर आली. त्यात तो टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल चालवतो. ती फिल्म पाहून अनेकांनी सायकल बाहेर काढली आणि थेट उड्या मारायला सुरुवात केली. नेमकी इथेच गफलत होते. त्याच फिल्ममध्ये कुंपणाचा प्रयत्न आधी फसलेलाही दाखवला आहे, पण लक्षात राहतं ते शेवटचं जमलेलं दृश्य. ट्रायल्समध्ये उडी हा कसरतीचा भाग नंतर होतो. मुळात ती तोल जाऊ लागल्यावर केलेली दुरुस्ती आहे. ज्याला थांबलेल्या सायकलवर उभं राहता येत नाही, त्याला काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही. म्हणून शिकण्याचा क्रम रटाळ वाटला तरी तो उलटा करू नये.

खरी ट्रायल्स सायकल पाहिली की आधी विचित्र वाटतं. तिला सीट नसते. फ्रेम बुटकी, हँडल उंच आणि रुंद, चाकं २० किंवा २६ इंची, मागचा टायर जाडजूड आणि हवा कमी. गिअर एकच. फ्रीव्हील मागच्या चाकात नसून पायडलच्या दांड्यापाशी असतं आणि त्याचे दात इतके बारीक की पायडल जरा दाबलं की चाक लगेच पकडतं. अनेक स्वार रिमवर ग्राइंडर फिरवून ती खरखरीत करून घेतात, म्हणजे ब्रेक लागला की चाक जागच्या जागी कुलूपबंद होतं. त्या ब्रेकची किंकाळी कानाला गोड नसते, पण खेळणाऱ्याला तीच हवी असते.

अशी सायकल नेहमीच्या दुकानात टांगलेली दिसत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत तिची गरजही नाही. घरात पडून असलेली २६ इंची माउंटन बाइक पुरते. फ्रेम नेहमीच्या मापापेक्षा लहान असेल तर उत्तम. पुढचा फोर्क शॉकअप नसलेला, साधा कडक असावा, कारण स्वस्तातल्या सायकलींचे शॉकअप जड असतात, त्यात खेळ असतो आणि उडी मारण्यासाठी पायांनी लावलेला जोर ते अर्धाअधिक गिळून टाकतात. सीट पूर्ण खाली घालावी. पायडल सपाट आणि दातेरी घ्यावेत. बूट अडकवायचे क्लिप किंवा पट्टे अजिबात नकोत. गिअर असेल तर पुढे सगळ्यात लहान चक्र आणि मागे मधलं. पायडलच्या एका फेरीत सायकल अडीच ते पावणेतीन मीटर जावी असा हिशेब ठेवावा. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला एका फेरीत पाच मीटरच्या वर जायची सवय असते. त्या गिअरवर ट्रायल्स शिकू पाहणाऱ्याच्या मांड्या भरून येतील आणि सायकल मात्र हलणार नाही.

हवा नेहमीपेक्षा कमी, पण किती कमी ते टायर पाहून ठरवावं. जाड टायरवर मुरलेले स्वार मागच्या चाकात वीसेक पीएसआयपर्यंत खाली येतात. साध्या टायरवर नवख्यानं तीसच्या आसपास सुरुवात करावी, नाहीतर कडेवर आदळताच ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात आणि पंक्चरवाल्याची चांदी होते.

सगळ्यात जास्त लक्ष द्यावं चेनकडे. ट्रायल्समध्ये जोर एकाएकी, एका पायावर, सगळं वजन पुढे टाकून लागतो. त्या क्षणी झिजलेली चेन तुटली किंवा दात घसरला, तर माणूस हँडलवरून पुढे जातो. सायकलवाल्याकडून चेन, मागचं फ्रीव्हील आणि पायडलचे दांडे तपासून घेतल्याशिवाय पुढचं काही करू नये. दुसरी तपासणी ब्रेकची. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, पण काही आयात सायकलींत तो मागचा असतो. या खेळात मागच्या ब्रेकवरचं बोट हेच विम्याचं काम करतं. ते कोणत्या हाताचं, हे डोक्याआधी बोटाला माहीत हवं. लिव्हर एका बोटानं दाबता येईल असे आत सरकवावेत. दोन-तीन बोटं ब्रेकवर गेली की हँडल धरायला उरतं काय?

संरक्षणाच्या साधनांत हेल्मेट सगळ्यांना आठवतं, नडगी आठवत नाही. दातेरी पायडल सुटून नडगीवर आपटलं की काय होतं, याचे वण ट्रायल्सवाल्यांच्या पायांवर मिरवायला असतात. फुटबॉलचे शिनगार्ड कोणत्याही क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात, तेवढे घ्यावेत. बूट सपाट, मऊ तळाचे. हातमोजे असले तर तळहात सोलवटत नाहीत.

आता मुख्य गोष्ट: एका जागी उभं राहणं. सायकलवाले याला ट्रॅकस्टँड म्हणतात. लहानपणी सायकल शिकवताना मागून धरणारे काका ओरडत असतात, “पायडल मार, थांबू नकोस!” ट्रायल्सला बसताना तो सल्ला विसरावा लागतो.

आधी आपला पुढचा पाय कोणता ते ओळखावं. उतारावरून पायडल न मारता, सीटवरून उठून, दोन्ही पायडल आडवे ठेवून सायकल सोडली की जो पाय आपसूक पुढे राहतो तो. उजवा असेल तर उजवा, डावा असेल तर डावा. बदलायच्या भानगडीत पडू नये. पुढचं चाक याच बाजूला वळवायचं असतं. उलट बाजूला वळवलं तर चाकाची मागची कड बुटाच्या टोकाला घासते.

जागा निवडताना हलका चढ शोधावा. डांबरी रस्ता मधोमध थोडा उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे रस्त्याचा उंचवटा आपल्या उजव्या हाताला येतो. उजवा पाय पुढे असणाऱ्यांना हे आयतंच सोयीचं आहे. चाक उजवीकडे वळवलं की पुढे जाताना चढ, मागे येताना उतार. डावा पाय पुढे असणाऱ्यांनी सोसायटीच्या पार्किंगमधला रॅम्प किंवा पटांगणाची कड शोधावी. वाहता रस्ता मात्र कुणीच वापरू नये. रहदारी नसलेली गल्ली किंवा बंद आवार हवं.

आता बारकाईनं पाहण्यासारखं काय घडतं ते असं. उजवा पाय पुढे असलेला स्वार चालण्याच्या वेगानं येऊन सीटवरून उठलेला आहे. पायडल आडवे, गुडघे किंचित वाकलेले आणि सैल, चाक उजवीकडे तीस-चाळीस अंशांत वळलेलं. सायकल थांबते. शरीर उजवीकडे कलू लागतं. अशा वेळी सहज सुचतं ते हँडल झटकायला. ते करू नये. उजव्या पायानं पायडलवर अंगठ्याएवढा दाब वाढवायचा. चाक वळलेलं असल्यामुळे सायकल दोन बोटं पुढे सरकते आणि पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू उजवीकडे जातो. म्हणजे ज्या बाजूला माणूस पडत होता त्याच बाजूला आधार सरकून आला. डावीकडे कलंडू लागलं, तर पायडलवरचा दाब सैल सोडायचा. चढामुळे सायकल आपोआप मागे येते, टेकणारा बिंदू डावीकडे जातो, पुन्हा आधार मिळतो. सगळा खेळ या दोन हालचालींचा आहे: दाब आणि सोड. थोडा सराव झाला की बाहेरून पाहणाऱ्याला माणूस पुतळ्यासारखा उभा दिसतो, पण त्याचा घोटा सतत काम करत असतो.

नजर कुठे असावी? दोन-तीन मीटर पुढच्या एका ठिपक्यावर. पुढच्या चाकाकडे पाहणारा हटकून पडतो, कारण चाकाबरोबर त्याचं डोकं हलतं आणि डोक्याबरोबर खांदे. श्वास धरून ठेवणं हा दुसरा सार्वत्रिक दोष. उभं राहताना कुणाशी तरी बोलत राहावं, आकडे मोजावेत, जुनं गाणं म्हणावं. तोंड चालू असलं की खांदे सैल राहतात. एरवी खेळाच्या सरावात बडबड वर्ज्य असते, इथे ती औषध आहे.

एका जागी उभं राहणं असं दाब-सोड करत जमू लागलं की पुढची पायरी म्हणजे दोन्ही ब्रेक घट्ट दाबून उभं राहणं. आता सायकल पुढे-मागे सरकत नाही, त्यामुळे आधार सरकवायची युक्ती संपली. दुरुस्ती गुडघ्यांनी आणि कमरेनं करायची. डावीकडे तोल जात असेल तर डावा गुडघा बाहेर न काढता कंबर उजवीकडे सरकवावी आणि सायकल खाली थोडी कलू द्यावी. सायकल आणि शरीर हे दोन वेगळे तुकडे आहेत, हे कळणं हाच या टप्प्याचा लाभ. रोज दहा मिनिटं यासाठी द्यावीत. रविवारी दोन तास घालणाऱ्यापेक्षा रोज दूध आणायला जाताना गेटपाशी दोनदा थांबून उभा राहणारा पुढे जातो, कारण दमलेले पाय तोल शिकत नाहीत.

आणि कधीतरी दोन्ही ब्रेक दाबून उभं असताना तोल इतका जातो की कंबर सरकवून भागत नाही. तेव्हा आधार उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. हीच पहिली उडी. सुरुवातीला चाकं जमिनीवरून उचलूही नयेत. गुडघे वाकवून टायर दाबायचे आणि सोडायचे, एवढंच. टायरची हवा स्वतःहून सायकल वर फेकायला पाहते. त्या लयीत चौथ्या-पाचव्या दाबाला शरीर ताठ करत वर घेतलं की दोन्ही चाकं बोटभर सुटतात. हातांनी सायकल ओढू नये. पायाचा चवडा किंचित खाली करून पायडल मागे रेटलं की मागचं चाक पायाबरोबर येतं. मग एक इंच डावीकडे, एक इंच उजवीकडे, मग पुढचं चाक एका रेषेवर आणि मागचं दुसऱ्या रेषेवर. फरशीच्या सांध्यांवर हे करून पाहिलं तर मोजायला वेगळी खूण लागत नाही.

पुढचं चाक उचलण्याआधी एक अट घालून घ्यावी: मागचा ब्रेक दाबला की पुढचं चाक लगेच खाली येतं, हे आधी अंगवळणी पाडायचं. सावकाश चालत्या सायकलवर पुढचा पायडल आडव्यापेक्षा जरा वर घ्यावा, कोपर वाकवून छाती हँडलकडे न्यावी, आणि मग एकाच क्षणी पायडल दाबत कंबर मागे टाकून हात सरळ करावेत. दंडाच्या ताकदीनं ओढणाऱ्याचं चाक वीतभर उठतं आणि आपटतं. कमरेनं मागे जाणाऱ्याचं अलगद उठतं. चाक वर असताना मागच्या ब्रेकवरच्या बोटानं हलकेच टिचकी द्यायची, ते खाली. पुन्हा वर, पुन्हा टिचकी. ही टिचकी जमेपर्यंत उंच जाण्याचा मोह आवरावा. उताणं पडण्यापासून वाचवणारी ती एकच गोष्ट आहे.

मग येते पहिली पायरी. फूटपाथ हा आपल्या शहरांतला सर्वांत स्वस्त सरावपट, पण बेभरवशाचा. भारतीय रस्ते मानकांनुसार त्याची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नसावी. प्रत्यक्षात कुठे ती गुडघ्याला लागते, तर कुठे डांबराचे थर चढून फूटपाथच रस्त्यात बुडालेला असतो. त्यापेक्षा विटांनी सुरुवात करावी. वीट आडवी पसरली की साधारण तीन इंच मिळतात. गोदामाबाहेर टाकून दिलेलं लाकडी पॅलेट मिळालं तर सोनं, ते पाच-सहा इंच उंच भरतं आणि एकावर एक रचून उंची वाढवता येते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा दारातच असतो. उन्हाळ्यात त्याचा खरबरीतपणा टायरला छान धरतो.

अडथळ्याला तिरकं जाऊ नये, काटकोनात जावं. पुढचं चाक वर ठेवलं की काम अर्धंच झालेलं असतं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात, शरीर मागे ठेवून. मागचं चाक तेव्हा ओझ्याखाली असतं आणि कडेवर धडकून बसतं. पुढचं चाक टेकताच कंबर हँडलकडे न्यावी, पाय हलके करावेत, मागचं चाक मागून आपोआप चढतं. उंची वाढली की पुढच्या चक्राचे दात कडेवर घासतात. ट्रायल्स सायकलीला त्यासाठी खाली धातूचं कवच असतं. साध्या सायकलीनं पाच-सहा इंचांवर समाधान मानावं.

चालत्या सायकलवरून दोन्ही चाकं उचलून अडथळा ओलांडणं, म्हणजे बनीहॉप, याचं आकर्षण दांडगं. त्याची फोड दोन हालचालींत होते. आधी खाली बसून कंबर मागे फेकत पुढचं चाक उचलायचं, मग उभं राहत हँडल पुढे ढकलायचं आणि पायांनी मागचं चाक वर ओढून घ्यायचं. सरावाला पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवावा. खोका चिरडला तरी गुडघे शाबूत राहतात, वीट तेवढी उदार नसते.

ट्रायल्सची खरी ओळख मात्र मागच्या चाकावर उभं राहण्यात आहे. दगडावरून दगडावर जाताना स्वार मागच्या चाकावर तोलून, ब्रेक कुलूप करून, बारीक उड्यांनी दिशा धरतो आणि मग पायडलच्या एका लाथेत पुढच्या दगडावर जातो. यासाठी मागच्या ब्रेकची टिचकी पक्की झालेली असावी. जागेवर उभं राहून पायडल दाबत चाक उचलायचं. कंबर मागच्या चाकाच्या वर आली की ब्रेक घट्ट, हात सरळ, नजर समोर. एक-दोन उड्या झाल्या की पाय टाकून मागे उतरावं. पुढे सरकायचं असेल तर एका क्षणात तीन गोष्टी होतात: ब्रेक सुटतो, पुढचा पाय पायडलला पाव फेरी हाणतो, ब्रेक पुन्हा बसतो. त्यांची सांगड जमायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, महिनेही जातात. जगज्जेती जर्मन खेळाडू नीना रायखेनबाख सेक्शनमध्ये उतरते तेव्हा तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या ब्रेकच्या बोटाकडे पाहावं. ते जवळजवळ कधीच रिकामं नसतं.

पडण्याचाही सराव करावा. सीट खाली असण्याचा खरा फायदा इथे कळतो. मागे जाऊ लागलं की सायकल पुढे सोडून द्यायची आणि दोन्ही पायांवर मागे उतरायचं. बाजूला पडताना हात ताठ करून जमीन थोपवायला जाऊ नये, मनगट मोडतं. सायकलीला ओरखडा पडेल म्हणून तिला धरून ठेवणारे जास्त लागून घेतात. उंचीच्या बाबतीत तर हलगर्जीपणा नकोच. ब्रिटिश ट्रायल्सचे माजी विजेते मार्टिन अ‍ॅश्टन यांच्यासारखा कसलेला स्वार २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या प्रात्यक्षिकात सुमारे तीन मीटर उंच बारवरून मागे पडला आणि कमरेखाली अधू झाला. दोन वर्षांनी मित्रांच्या मदतीनं ते खास बनवलेल्या सायकलवर पुन्हा डोंगर उतरले, हे त्यांचं धैर्य. शिकणाऱ्यानं यातून उंचीचा धडा घ्यावा. ज्या उंचीवरून पाय टाकून उभ्यानं उतरता येत नाही, तिथे एकट्यानं जाऊ नये.

पावसाळ्यात सगळी गणितं बदलतात. ओल्या रिमवर ब्रेक घसरतो, जांभ्यावर आणि कातळावर शेवाळं धरतं, आणि उन्हाळ्यात चिकटलेला टायर त्याच दगडावरून निसटतो. जून ते सप्टेंबर छताखालच्या पार्किंगमध्ये उभं राहण्याचा आणि जागेवरच्या उड्यांचा सराव ठेवावा. तळमजल्यावरच्या कुटुंबाची दुपारची झोप सांभाळून, अर्थात. रिम ब्रेक असेल तर सरावाआधी रिम आणि ब्रेकचे रबर कोरड्या फडक्यानं पुसावेत, तेलाचं बोटही लागू देऊ नये. चेनला तेल घालताना ते रिमवर उडालं तर त्या दिवशी सराव बंद.

जागेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सह्याद्रीत दगडांची कमतरता नाही, पण गडाच्या पायऱ्या, बुरुजांचे चिरे, देवळांचे ओटे आणि बारवांचे टप्पे ही सरावाची साधनं नाहीत. शिवकालीन दुर्गांपैकी ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. संरक्षित स्मारकाची नासधूस करणं १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी तीनशे वर्षं तग धरलेली पायरीची कड एका दातेरी पायडलनं तोडावी, हे काही मर्दुमकीचं लक्षण नव्हे. ओढ्याकाठचा सुटा दगड, बांधकामावरचा चिऱ्यांचा ढीग, नांगरटीच्या कडेला पडलेला ओंडका, सगळं मालकाला विचारून वापरावं. आणलेलं जागच्या जागी ठेवावं.

चार-सहा महिन्यांत एवढं जमू लागलं की एकट्यानं रोज तेच करण्याचा कंटाळा येतो. तेव्हा आणखी एखाददोन जण जमवावेत आणि सोसायटीच्या आवारात खडूनं सेक्शन आखावा. सुरुवातीला दोन विटांमधून विटेला चाक न लागता जायचं वळण, मग पॅलेट, पॅलेटवर थांबून चौथाई वळण, मग खाली उतरून खडूच्या चौकटीत दोन्ही चाकं. प्रत्येक तुकड्याला एक नंबर द्यावा. एकानं सायकल चालवावी, दुसऱ्यानं हातात फोन घेऊन दोन मिनिटं लावावीत आणि पाय टेकला की मोठ्यानं आकडा पुकारावा. भिंतीला हात लागला तरी तो पायच धरावा, आणि कुंपणाला टेकून “हे धरू नकोस रे” म्हणणाऱ्याचंही काही ऐकू नये. सेक्शन एकदा बिनदंड गेला की तोच सेक्शन उलट्या दिशेनं घ्यायचा. उलट दिशेनं नावडती बाजू उघडी पडते: उजवीकडे सहज वळणारा डावीकडे अडखळतो, आणि पुढचा आठवडा कशावर घालवायचा ते ठरतं.